पाठीवरचा 42

आमच्या वस्त्यांतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, दोन-चार पोरांच्या डोक्यावर ती टोपी दिसतेच. गडद निळा रंग आणि कपाळावर पांढऱ्या दोऱ्याने एकमेकांत गुंतवलेली 'एन' आणि 'वाय' ही इंग्रजी अक्षरे. रस्त्यावरच्या गाडीवरून घेतलेली, नकली का असेना, पोराला ती जिवापाड प्यारी असते. आई म्हणते, "हे काय नवं खूळ?" बाप म्हणतो, "त्यापेक्षा वही घेतली असती तर!" आणि त्या अक्षरांचा अर्थ काय, हे पोराला विचारावे तर तेही गप्प.

तर सांगतो. ती अक्षरे न्यूयॉर्क यँकीज या संघाची आहेत आणि हा संघ बेसबॉल खेळतो. अमेरिकेत या खेळाचे वेड एवढे की लोक आवडत्या खेळाडूचा आकडा पाठीवर घालून मैदानात जातात, जुन्या काळचे गणवेश शिवून घेतात, जुने व्हिडिओ गेम जपून ठेवतात. वाचक बंधू-भगिनींनो, या वेडाला आम्ही नावे ठेवणार नाही. वेड लागल्याशिवाय माणसाच्या हातून मोठे काम होत नाही. बाबासाहेबांना ग्रंथांचे वेड होते म्हणून 'राजगृह' उभे राहिले. प्रश्न एवढाच असतो की आपल्या वेडाला डोळे आहेत की नाहीत. आज त्याविषयीच चार शब्द.

आधी खेळ समजून घेऊ. बेसबॉल म्हणजे अमेरिकेतले क्रिकेट म्हणा ना! दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू आणि नऊ डाव. मैदानात चार कोपऱ्यांवर चार तळ, त्यांना म्हणायचे बेस. पिचर चेंडू फेकतो, फलंदाज गोल दांडक्याने तो टोलवतो आणि धावत सुटतो. चारही तळांचा फेरा पुरा करून जो घरच्या तळाला परत येईल त्याची एक धाव. तीन गडी बाद झाले की दुसऱ्यांची पाळी. चेंडू कुंपणापार गेला तर होम रन. बस्स, एवढे कळले की खेळ कळला.

1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा हा खेळ तिथे भरात होता. पण त्या मोठ्या संघांत एकही काळा खेळाडू नव्हता. 1884 साली मोझेस फ्लीटवुड वॉकर नावाचा काळा खेळाडू टोलेडोच्या संघातून मोठ्या स्पर्धेत खेळला होता. त्यानंतर गोऱ्या मालकांनी आपसांत ठरवून दार लावून घेतले. तसा कायदा नव्हता, कुठे लेखी नियमही नव्हता. कागदावर काही नसते आणि विहिरीवर मात्र पाणी मिळत नाही, हा प्रकार आम्हांला कुणी समजावून सांगायला नको.

मग काळ्यांनी काय केले? स्वतःचे संघ काढले. 13 फेब्रुवारी 1920 रोजी रूब फॉस्टर या माजी पिचरने कॅन्सस सिटी शहरात काळ्या संघमालकांना एकत्र बसवून 'निग्रो नॅशनल लीग' स्थापन केली. 'निग्रो' हा शब्द आज अपमानाचा मानतात, पण त्या काळातले नाव तेच. तारीख नीट पाहा. त्याच्या दोनच आठवडे आधी, 31 जानेवारी 1920 रोजी, बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला होता. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते. पण दार लावून घेतलेल्या घरापुढे हात जोडून उभे राहायचे नाही, आपले घर आपण बांधायचे, हा विचार पृथ्वीच्या दोन टोकांना दोन आठवड्यांच्या आत आकाराला आला.

या संघांचे चाहते कोण होते? खाटीकखान्यातले कामगार, रेल्वेतले चाकर, घरकाम करणाऱ्या बाया. रविवारी चर्चमधून उठून थेट सामन्याला यायचे. कॅन्सस सिटी मोनार्क्सचा सामना असला की तिथल्या चर्चची प्रार्थना एक तास आधी उरकत, ही आठवण त्या संघाचे खेळाडू बक ओनील पुढे सांगत. आणि येताना पुरुष सुटाबुटात, टाय आणि हॅट घालून. बाया ठेवणीतल्या कपड्यांत. जुनी छायाचित्रे पाहिली तर मैदान आहे की लग्नमंडप, असा प्रश्न पडावा. आठवडाभर दुसऱ्याच्या घरची धुणी धुणारी बाई त्या दिवशी मान ताठ करून बसे. तो वेष म्हणजे केवळ हौस नव्हती. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना लुगडे नेसण्याची रीत बदला, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, स्वच्छ नीटनेटक्या राहा असे सांगितले, ते काय केवळ हौसेसाठी? 14 एप्रिलला आपली माणसे पांढरीशुभ्र वस्त्रे घालून निघतात, ती काय नटण्यासाठी? अंगावरचे कापड माणसाविषयी बोलते.

पण वेषाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच काळात काही काळ्या संघांना पोटासाठी सोंगे घ्यावी लागली. 'झुलू कॅनिबल जायंट्स' नावाच्या संघाचे खेळाडू गवताचे घागरे घालून खेळत. 'इथिओपियन क्लाउन्स' हा संघ विदूषकाच्या वेषात, तोंडाला रंग फासून उतरे. उत्तम खेळाडू, पण गोऱ्या प्रेक्षकांनी पैसे टाकावेत म्हणून आधी हसवायचे आणि मग खेळायचे. काळ्यांच्या वृत्तपत्रांनी आणि संघमालकांतल्या अनेकांनी याला विरोध केला. आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधणाऱ्यांनीही एक वेषच दिला होता. वेष कुणी दिला आणि कशासाठी दिला, हे विचारल्यावाचून अंगावर घालू नये, हा धडा त्यातून घ्यायचा.

तो धडा एका बाईने फार चांगला गिरवला. टोनी स्टोन तिचे नाव. 1953 साली ती इंडियानापोलिस क्लाउन्स या संघातून पुरुषांच्या बरोबरीने व्यावसायिक बेसबॉल खेळली. प्रेक्षकांना मजा वाटावी म्हणून तिने घागरा घालून खेळावे, असा आग्रह झाला. ती म्हणाली, जमणार नाही. पुरुष घालतात तोच गणवेश घालून ती उतरली. आमच्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

तिच्या आदल्या वर्षी, 1952 साली, याच संघात अठरा वर्षांचा हँक एरन खेळत होता. वॉशिंग्टन शहरात संघाने एका हॉटेलात नाश्ता केला. जेवून होताच आतून खळ्ळ-खळ्ळ आवाज आला. या पोरांनी खाल्लेल्या बशा हॉटेलवाले फोडीत होते. पुढे 1974 साली याच एरनने बेब रूथचा 714 होम रनचा विक्रम मोडला आणि तो मोडू नये म्हणून त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. त्या बशांचा आवाज आम्हांला ओळखीचा आहे. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू हे हिंदुस्थानचे पहिले मोठे गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. पण पुण्यात खेळताना त्यांना चहा मिळे तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे 1937 च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, हे खरे. पण तरुणपणी बाबासाहेबांना त्यांच्या पराक्रमाचा अभिमान होता हेही तितकेच खरे.

आता येऊ 42 या आकड्याकडे. जॅकी रॉबिन्सन यांचा जन्म 31 जानेवारी 1919 चा. सैन्यात असताना 1944 साली टेक्सासमध्ये बसच्या मागच्या बाजूला जाऊन बसण्यास त्यांनी नकार दिला. लष्करी न्यायालयात खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे ब्रुकलिन डॉजर्स संघाचे ब्रँच रिकी यांनी त्यांना करारबद्ध केले आणि 15 एप्रिल 1947 रोजी न्यूयॉर्कच्या एबेट्स फील्ड मैदानावर ते पाठीवर 42 आकडा घालून उतरले. त्या दिवशी 25 हजारांवर प्रेक्षक आले होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक काळे होते, असा अंदाज सांगतात. त्या वर्षी त्यांना शिव्या ऐकाव्या लागल्या, धमक्या आल्या, मुद्दाम अंगावर चेंडू फेकले गेले. त्यांनी उत्तर दिले ते खेळाने. 1947 चे सर्वोत्तम नवोदित खेळाडू तेच ठरले. आणि याच एप्रिल 1947 मध्ये, 29 तारखेला, आमच्या घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. एका महिन्यात दोन देशांतली दोन कुलपे उघडली. दारे किती उघडली, तो हिशेब अजून चालूच आहे. आमच्या पोरांच्या डोक्यावर ज्यांची टोपी आहे त्या यँकीजनी पहिला काळा खेळाडू, एल्स्टन हॉवर्ड, घेतला तो 1955 साली, म्हणजे आठ वर्षांनी!

1997 साली, पन्नास वर्षे पुरी झाली तेव्हा, 42 हा आकडा सर्व मोठ्या संघांनी मिळून निवृत्त केला. नव्या कुणालाच तो मिळायचा नाही. पण 2009 पासून दरवर्षी 15 एप्रिलला सगळे संघ, सगळे खेळाडू, पंचसुद्धा, पाठीवर 42 घालूनच मैदानात उतरतात. 2022 पासून तो आकडा सर्वांच्या गणवेशावर डॉजर्सच्या निळ्या रंगात असतो. चाहतेही तोच आकडा घालून येतात. म्हणजे आमच्याकडे 14 एप्रिलचे निळे झेंडे मिरवणुकीनंतर घडी घालून ठेवले जातात, आणि दुसऱ्याच दिवशी तिकडे मैदानांवर निळा 42 उमटतो!

इथवर तुम्ही म्हणाल, मोठ्या माणसांची कीर्ती झाली. यात चाहत्याचे काय? तर मुख्य गोष्ट इथेच आहे.

काळ्यांच्या त्या संघांत शेकडो गुणी खेळाडू होते. जॉश गिब्सन त्यांतला सर्वांत दणकट फलंदाज. 20 जानेवारी 1947 रोजी, रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी, तो पस्तिसाव्या वर्षी वारला. मोठे मैदान त्याला दिसलेच नाही. 1975 पर्यंत त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. मोठ्या संघांच्या नोंदवह्यांत या खेळाडूंची एक ओळ नव्हती. कुणी किती धावा काढल्या, विचारणार कुणाला? आणि ज्याची नोंद नाही त्याविषयी जग म्हणते, तो झालाच नाही.

नोंद होती, पण ती काळ्यांच्या साप्ताहिकांत. शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कूरियर ही ती पत्रे. रेल्वेच्या डब्यांतून चाकरी करणारे काळे कामगार डिफेंडरचे गठ्ठे दक्षिणेकडे पोहोचवीत. कूरियरचे वेंडेल स्मिथ यांनी काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांत घ्या म्हणून लेखणी झिजवली आणि 1947 साली ते रॉबिन्सन यांच्याबरोबर गावोगाव फिरले. या पत्रांच्या मागच्या पानांवर, जाहिरातींच्या कडेला, रविवारच्या सामन्याचे धावफलक छापलेले असत. पुढे खेळाचे वेड लागलेले लोक ग्रंथालयांत बसले. कुणी शिक्षक, कुणी कारकून, कुणी निवृत्त माणूस. पिवळी पाने, पुसट अक्षरे. त्यांतून एकेक सामना, एकेक धाव उतरवून घेतली. कित्येक वर्षे हे काम चालले. इलिनॉय राज्यातल्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टराने तर वर्गणी जमवून या खेळाडूंच्या निनावी कबरींवर दगड बसवण्याचे काम अंगावर घेतले. 1990 साली कॅन्सस सिटीत या संघांचे संग्रहालय निघाले.

या चिकाटीला फळ आले. डिसेंबर 2020 मध्ये 1920 ते 1948 या काळातल्या काळ्यांच्या सात स्पर्धांना मोठ्या स्पर्धांचा दर्जा मिळाला. मे 2024 मध्ये 2,300 हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदीत दाखल झाले. आणि काय दिसले? फलंदाजीच्या सरासरीत इतके दिवस पहिल्या क्रमांकावर मिरवणाऱ्या टाय कॉबची सरासरी .367, जॉश गिब्सनची.372! मरून सत्त्याहत्तर वर्षे झालेला माणूस एका दिवसात यादीच्या शिरावर जाऊन बसला. त्याला तिथे नेले ते या वेड्या चाहत्यांनी आणि आपल्या या पत्रासारख्याच गरिबांच्या साप्ताहिकांनी. काही सामन्यांचे फलक अजून सापडायचे आहेत. शोध चालू आहे.

बक ओनील यांचेही सांगितले पाहिजे. या खेळाडूंच्या आठवणी जन्मभर गावोगाव सांगत फिरले ते हे गृहस्थ. 2006 साली काळ्यांच्या बेसबॉलमधल्या 17 जणांची सन्मान-दालनासाठी निवड झाली. त्यांत एफा मॅनली या संघमालकीणबाई होत्या, त्या दालनातल्या पहिल्या स्त्री. बक यांना मात्र पुरेशी मते पडली नाहीत. तरी वयाच्या 94 व्या वर्षी ते समारंभाला गेले, त्या सतरा जणांच्या वतीने बोलले, सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावून गाणे म्हणवून घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले. त्यांना तो मान मिळाला 2022 साली. रुसवा नाही, फुगवा नाही; काम केले आणि गेले. याला मैत्री आणि उपेक्षा म्हणतात, हे धम्म वाचणाऱ्यांना सांगायला नको.

आता व्हिडिओ गेमविषयी, कारण त्यावरून घरोघरी भांडणे होतात. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचा खेळ आला. पिवळी नाहीतर काळी 'कॅसेट' खोचायची, फुंकर मारायची आणि सुरू. काही कॅसेटींत बेसबॉलही असे. त्यावर खेळलेली पोरे आज स्वतः आईबाप झाली आहेत. पण कॅसेट बदलून नवा खेळ खेळता येईल असे यंत्र प्रथम कुणी बाजारात आणले? 1976 साली फेअरचाइल्ड कंपनीचे 'चॅनल एफ' हे यंत्र निघाले. त्याआधी घरगुती यंत्रात जे खेळ असत तेवढेच. हे यंत्र तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते जेरी लॉसन, काळे अभियंते. जन्म 1940 चा, ब्रुकलिनमधला. म्हणजे रॉबिन्सन जिथे खेळले त्याच भागातला. पोरवयात ते लोकांचे टीव्ही दुरुस्त करून पैसे मिळवीत. पहिलीच्या वर्गात त्यांच्या बाकाजवळ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या काळ्या शास्त्रज्ञाचे चित्र होते. बाईंनी ते दाखवून सांगितले की तूही असा होऊ शकतोस. त्या यंत्रासाठी 1977 साली बेसबॉलचीही कॅसेट निघाली. यंत्र फार खपले नाही, दुसऱ्यांची यंत्रे पुढे गेली आणि लॉसन विस्मरणात गेले. त्यांना शोधून काढले कुणी? जुने खेळ जमवणाऱ्या शौकिनांनी. त्यांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या, लेख लिहिले. मार्च 2011 मध्ये त्यांचा जाहीर सन्मान झाला आणि एप्रिलमध्ये ते वारले. महिनाभराने चुकामूक व्हायची, ती टळली. 2023 साली निघालेल्या एका बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये तर सॅचेल पेज, बक ओनील, रूब फॉस्टर यांच्या कथाच घातल्या आहेत. पोराने बटण दाबायचे आणि काळ्यांच्या संघांचा इतिहास ऐकायचा!

आई-वडिलांनो, म्हणून पोराची टोपी हिसकावून घेऊ नका. त्याला जवळ बसवून विचारा, बाळा, ही कुणाची? ठाऊक नसेल तर ग्रंथालयात पाठवा. त्याला फक्त खपणारा माल सोसून जमणार नाही. मालामागची माणसे कळली पाहिजेत. महागडा गणवेश घेऊन देण्याची आपली ऐपत नसेल, त्याची लाजही वाटून घेऊ नये. जॉश गिब्सनचे आकडे शोधायला लागली ती पेन्सिल, वही आणि बैठक. ती आपल्या घरात आहे.

आणि तरुणांनो, ते वेड इकडेही वळवा. आपल्या वस्तीत कबड्डीचा कोणता संघ होता, गिरणीच्या मैदानावर क्रिकेट कोण गाजवीत होते, जयंतीत लेझीम कोण शिकवी, भीमगीतांच्या पार्ट्या कुणाच्या होत्या, पहिल्या धम्मदीक्षेला चाळीतून कोण कोण नागपूरला गेले, याची नोंद कुठे आहे? मोठ्या वृत्तपत्रांत शोधाल तर सापडायची नाही. ती आजोबांच्या पेटीत आहे, आजीच्या बोलण्यात आहे, जुन्या साप्ताहिकांच्या अंकांत आहे, आणि हे अंक आम्ही रद्दीत घालतो. या रविवारी एक वही करा. आजीजवळ बसा. नाव, गाव, साल लिहा. फोटोच्या मागे माणसांची नावे लिहून ठेवा, कारण सांगणारे माणूस गेले की फोटोतली माणसे निनावी होतात.

उद्या कुणी म्हणेल, या वस्तीत खेळाडू झालाच नाही, कलावंत झालाच नाही. तेव्हा वादविवाद करीत बसू नका. वही उघडा आणि पुढे ठेवा.

जयभीम!